घरातील पसारा काढून पैसे वाचवायचे असतील तर : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

ठाणे आणि नवी मुंबईतील बहुतेक घरांत आवराआवर दिवाळीच्या तोंडावर होते, माळ्यापासून सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहुतेक सामान पुन्हा माळ्यावरच चढते. दरम्यान प्लास्टिकचे नवे खोके विकत आणलेले असतात, घाईत भंगारात दिलेल्या दोन-चार वस्तू पुढच्या महिन्यात पुन्हा घ्याव्या लागतात, आणि घर आवरूनही खर्च वाढलेलाच असतो. ही चूक मेहनतीची नसून क्रमाची आहे.

पसारा काढल्याने पैसा मुख्यतः चार ठिकाणी वाचतो : घरात असलेली वस्तू पुन्हा विकत घेणे थांबते, विनाकारण चालणाऱ्या उपकरणांची वीज वाचते, विस्मरणात गेलेल्या ठेवी आणि अनामत रकमा सापडतात, आणि अडलेली जागा मोकळी होते. जुन्या वस्तू विकून हाती येणारी रक्कम या सर्वांत बहुधा सर्वांत लहान असते. तरीही लोक नेमके तिच्यापासूनच सुरुवात करतात, म्हणून पुढील टप्प्यांत विक्री मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे.

## पूर्वतयारी

वेळ निवडणे. या कामासाठी मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. हवा तुलनेने कोरडी असते, गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवता येते, आर्थिक वर्ष संपत असल्याने कागदपत्रे तशीही बाहेर काढावी लागतात आणि वर्षाचे धान्य-मसाले भरण्याआधी डबे रिकामे होतात. पावसाळ्यात हे काम काढू नये. खाडीलगतच्या दमट हवेत उघडे पडलेले कागद आणि कपडे चार दिवसांत वास धरतात. मार्च-मे हुकलाच तर पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात काम करावे. मात्र दिवाळीच्या आठवड्याशी ते जोडू नये, कारण तेव्हा टेम्पोवाला, भंगारवाला आणि आपण स्वतः, तिघेही घाईत असतो.

साहित्य. एक वही, जाड मार्कर, जुन्या चादरी, गोण्या, धुळीसाठी मास्क, लोहचुंबक आणि हुकाला अडकवायचा छोटा डिजिटल काटा एवढे पुरे. खोके, डबे, मांडण्या यांपैकी काहीही या टप्प्यावर विकत घेऊ नये. काय उरणार हे ठरण्याआधी घेतलेला खोका हा पसाऱ्यातीलच आणखी एक नग ठरतो.

माणसे. ज्याची वस्तू त्याचा निर्णय, हा नियम काम सुरू होण्यापूर्वी सर्वांसमोर ठरवावा. सासूबाईंची पितळी भांडी सुनेने आणि मुलाच्या वह्या वडिलांनी परस्पर काढून टाकल्या तर काम पहिल्याच दिवशी थांबते आणि पुन्हा सुरू होणे कठीण जाते. आई-वडील गावी असतील तर त्यांच्या वस्तूंचे फोटो पाठवून होकार घ्यावा.

सोसायटी. मोठे सामान उतरवण्यासाठी लिफ्ट कोणत्या वेळेत वापरता येते, टेम्पो आत येऊ देतात का आणि रविवारी कामाला परवानगी आहे का, हे सेक्रेटरींना आधीच विचारावे.

> सावधान : बाहेर काढलेले सामान जिन्यात, मजल्यावरील पॅसेजमध्ये, आश्रयमजल्यावर (आणीबाणीत थांबण्यासाठी मोकळा ठेवलेला मजला) किंवा मीटरच्या केबिनजवळ दोन दिवसांसाठीही ठेवू नये. आग लागल्यास त्याच वाटेने माणसे बाहेर पडतात.

## टप्पा १ : काढण्याआधी हिशेब

पहिल्या दिवशी एकही कपाट उघडायचे नाही. मागील तीन महिन्यांची किराणा, ऑनलाइन खरेदी आणि विजेची बिले घेऊन बसावे आणि घरात असूनही पुन्हा घेतलेल्या वस्तू वहीत लिहाव्यात. सेलोटेप, चार्जरच्या वायरी, कात्री, छत्री, बॅटरीचे सेल, रुमाल, मोहरी आणि हिंग ही यादी बहुतेक घरांत सारखीच निघते. हीच यादी पुढे कोणता खण आधी उघडायचा ते सांगते.

त्यानंतर जागेचा हिशेब करावा. समजा, घोडबंदर रस्त्यावरील ६०० चौरस फूट चटईक्षेत्राच्या घराचे भाडे ३०,००० रुपये आहे. म्हणजे दर चौरस फुटाला महिना ५० रुपये पडतात. बंद पडलेली ट्रेडमिल, जास्तीचे कपाट आणि न वापरलेला पाळणा यांनी मिळून २५ चौरस फूट अडवले असतील तर त्यांचे भाडे महिना १,२५० आणि वर्षाला १५,००० रुपये होते. घर स्वतःचे असेल तरी आपल्या इमारतीतील चालू भाडे धरून हा हिशेब करावा. ‘घर लहान पडते’ म्हणून दोन बेडरूमच्या घराचा विचार चालू असलेल्या कुटुंबाने तर तो अवश्य करावा, कारण निदान काही घरांत लहान पडत असते ते घर नसून माळा असतो.

> तपासणी : वहीत तीन गोष्टी आल्या का? दुबार खरेदीची यादी, जागेचा मासिक दर आणि मागील तीन महिन्यांचे विजेचे युनिट.

## टप्पा २ : कागदपत्रे

कागद सर्वांत आधी हाताळावेत, कारण नंतरच्या गडबडीत ते रद्दीत जातात. घरभरच्या फायली, पिशव्या आणि गादीखालची पाकिटे एका चादरीवर आणावीत आणि चार ढीग करावेत.

पहिला ढीग कायम ठेवायच्या कागदांचा : घराचा नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा), मुद्रांक शुल्काची पावती, ताबापत्र, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, नामनिर्देशनाची पोच, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले आणि शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रे. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवरील घर असेल तर भाडेपट्टा करार आणि हस्तांतरणाचा आदेशही यातच येतो. घर विकताना यांतील एक कागद नसला तरी नक्कल काढण्यासाठी खेपा आणि खर्च दोन्ही पडतात. घरात केलेल्या कायमस्वरूपी सुधारणांची बिलेही येथेच ठेवावीत, कारण पुढे घर विकल्यास भांडवली नफा मोजताना सुधारणेचा खर्च दाखवता येतो. साध्या रंगरंगोटीची बिले मात्र त्या कामी येत नाहीत. दागिन्यांच्या पावत्याही जपाव्यात.

दुसरा ढीग मुदतीच्या कागदांचा. प्राप्तिकर विवरणे आणि त्यांना आधार देणारे कागद पगारदार माणसाने निदान सात वर्षे ठेवावेत, असे माझे मत आहे. तिसरा ढीग चालू कागदांचा : विम्याच्या पॉलिसी, हमीपत्रे, चालू कर्जाची कागदपत्रे. हमीपत्रे उपकरणानुसार लावताना मुदत तपासावी. पंखा, मिक्सर किंवा पाणी शुद्ध करणारे यंत्र हमीत असतानाही पैसे देऊन दुरुस्त करून घेणारी घरे कमी नाहीत.

चौथा ढीग नष्ट करायच्या कागदांचा. आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, जुनी धनादेश पुस्तके, पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेची विवरणे फाडून किंवा भिजवून लगदा केल्याशिवाय रद्दीत देऊ नयेत.

आता या टप्प्याचा खरा लाभ. कागद लावताना पुढील गोष्टी दिसल्या तर त्यांचा वेगळा कप्पा करावा.

- विसरलेले बँक खाते किंवा मुदत ठेव. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील आणि तेवढाच काळ दावा न केलेल्या ठेवीची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. पण ती बुडत नाही, वारसालाही बँकेकडे मागता येते. अशा ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर शोधता येतात.
- कागदी शेअर प्रमाणपत्रे. १ एप्रिल २०१९ पासून कागदी स्वरूपातील शेअरांचे हस्तांतरण सामान्यतः होत नाही. ते आधी डिमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, करावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश घेतला नसेल तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात, आणि तेथूनही परत मागता येतात.
- गॅसची अनामत. इमारतीत पाइपचा गॅस आल्यावर जुना सिलिंडर अनेक घरांत ड्राय बाल्कनीत वर्षानुवर्षे उभा असतो. जोडणी नको असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून जोडणीच्या पावतीवरील अनामत परत घ्यावी. जागाही सुटते आणि धोकाही जातो. लँडलाइन आणि केबलच्या अनामतीच्या पावत्याही याच कप्प्यात ठेवाव्यात.
- दोन हजारांच्या नोटा. डब्यात किंवा पुस्तकात एखादी सापडली तर ती टाकून देऊ नये. मे २०२३ मध्ये त्या चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली असली, तरी रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयांत (इश्यू ऑफिस) त्या जमा करण्याची सोय ठेवण्यात आली. त्यांपैकी एक कार्यालय सीबीडी बेलापूरला आहे. ओळखपत्र घेऊन जावे.

> सावधान : जुन्या नाण्या-नोटांना लाखो रुपये देऊ करणाऱ्या जाहिरातींना उत्तर देऊ नये. आधी ‘कर’ किंवा ‘शुल्क’ म्हणून पैसे मागितले जातात आणि नंतर फोन बंद होतो.

## टप्पा ३ : स्वयंपाकघर

कागदांनंतर स्वयंपाकघर घ्यावे, कारण येथील बचत पुढच्याच महिन्याच्या किराणा बिलात दिसते आणि घरातील सर्वांना पटते.

एका वेळी एकच खण रिकामा करावा. प्रत्येक डब्यातील वस्तू, तिचे वजन आणि पाकिटावरील मुदत वहीत लिहावी. एकाच डाळीची तीन अर्धवट पाकिटे निघाली तर एकत्र करण्याआधी प्रत्येकात टोके किंवा जाळी आहे का ते पाहावे. एका पाकिटातील कीड संपूर्ण डबा खराब करते. जुने खाली आणि नवे वर अशी भरण्याची सवय उलटी करावी, म्हणजे जुने वर राहते आणि आधी संपते.

तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत स्वस्त असते, पण ती खाणारी माणसे तेवढीच असतील तरच. मुले शिकायला बाहेर गेली, रात्रीचे जेवण निम्मे झाले, तरी तांदळाची पोती पूर्वीइतकीच येत राहतात आणि श्रावणापर्यंत त्यात टोके फिरू लागतात. टोके लागलेले वीस किलो तांदूळ पाखडून, वाळवून संपवण्याचा त्रास लक्षात घेता दोन-तीन महिन्यांचा साठा पुष्कळ झाला. मागील वर्षी किती उरले, हा आकडा वहीत लिहून यंदाची खरेदी तेवढी कमी करावी.

भांड्यांसाठी साधी कसोटी अशी : गेल्या वर्षभरात, सणवार आणि पाहुणे धरून, एकाच वेळी जास्तीत जास्त किती ताटे-वाट्या लागल्या? त्या आकड्यावर चार वाढवून बाकीची बाजूला काढावीत. प्रेशर कुकर काढण्याआधी मात्र नवे रबर आणि शिट्टी लावून पाहावी. अनेक कुकर एवढ्यासाठीच पडून असतात.

वास्तुशांत, मुंज आणि हळदीकुंकवात मिळालेल्या न उघडलेल्या वस्तूंचा स्वतंत्र विचार करावा. स्टीलच्या वाट्या, डबे, ओटीचे ब्लाउजपीस, काचेचे सेट यांसाठी एकच ‘देण्याचा खण’ ठरवावा आणि प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचे नाव चिकटवावे. संक्रांतीच्या वाणाची खरेदी करण्यापूर्वी हा खण उघडला तर त्या महिन्याचा बराच खर्च टळतो. नावाची चिठ्ठी कंटाळ्याने गाळू नये, नाहीतर वस्तू ज्यांनी दिली त्यांच्याकडेच परत जाते आणि वाचलेल्या पैशापेक्षा ओशाळणे महाग पडते.

> तपासणी : दुबार खरेदीच्या यादीतील किती वस्तू सापडल्या? त्या वस्तूंची जागा निश्चित करून ती सर्वांना दाखवल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

## टप्पा ४ : विजेची उपकरणे

सर्वांत महाग पसारा हा चालू असलेला पसारा असतो. नवा फ्रीज आल्यावर जुना ‘पाण्याच्या बाटल्यांसाठी’ बाल्कनीत किंवा हॉलच्या कोपऱ्यात चालूच राहतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात : १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. घराचा वापर महिना ३३० युनिट असेल आणि त्यांतील ३५ युनिट जुना फ्रीज घेत असेल, तर तो बंद केल्यावर वापर २९५ वर येतो आणि वाचलेल्या ३५ पैकी ३० युनिट वरच्या, महाग टप्प्यातील असतात. म्हणून सरासरी दराने केलेला हिशेब ही बचत प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात वीजपुरवठा टोरेंट पॉवर पाहते. तेथील रहिवाशांनी आपल्या बिलावरील टप्पे पाहावेत.

अंदाज करण्यापेक्षा मोजावे. फ्रीज चालू ठेवून एक आठवडा आणि बंद ठेवून एक आठवडा, दररोज एकाच वेळी मीटरचे आकडे लिहावेत. दोन्ही आठवड्यांत वातानुकूलन यंत्राचा वापर सारखा असावा, नाहीतर तुलना व्यर्थ आहे.

इतर उपकरणे लावून पाहावीत आणि तीन प्रकारांत टाकावीत : चालू व लागणारी, चालू पण न लागणारी, बंद. बंद उपकरणाची दुरुस्ती ‘कधीतरी’ करण्याचा निर्णय मान्य करू नये. पंधरा दिवसांत कारागिराकडे न गेलेले उपकरण ई-कचऱ्यात जाईल, असे त्यावर तारखेसह लिहावे.

## टप्पा ५ : कपडे आणि बिछाने

येथे फार वेळ घालवू नये, कारण कपड्यांतून पैसा थोडा सुटतो आणि भावना फार गुंततात. बसणारे आणि गेल्या वर्षभरात वापरलेले कपडे ठेवावेत, उसवलेले शिवायला द्यावेत, मऊ सुती साड्या गोधडीसाठी काढाव्यात. जरीच्या साड्या बोहारणीला देण्याआधी जर खरी आहे का ते जाणकाराला दाखवावे. चांदीच्या जरीची साडी एका टबाच्या बदल्यात देणे हा तोट्याचा व्यवहार आहे. गाद्यांची संख्या प्रत्यक्ष मुक्कामी येणाऱ्या पाहुण्यांवरून ठरवावी.

## टप्पा ६ : माळा आणि दिवाण

माळा शेवटी घेण्याचे कारण असे, की आधीच्या टप्प्यांत वस्तू ‘तूर्त वर ठेवू’ म्हणण्याचा मोह तेथेच जिरतो. एकच अपवाद : छतातून गळती किंवा वाळवीची माती दिसत असेल तर माळा लगेच रिकामा करावा.

शिडी धरायला दुसरा माणूस हवा. खाली चादर पसरून सामान एका दिवसात पूर्ण उतरवावे. अर्धा माळा कधीही आवरला जात नाही. रिकाम्या माळ्याच्या भिंती आणि कोपरे ओल व वाळवीसाठी तपासावेत, कारण पावसाळ्यापूर्वी सापडलेली ओल कमी खर्चात दुरुस्त होते. टीव्ही-मिक्सरचे रिकामे खोके बदलीची नोकरी नसल्यास ठेवण्यात अर्थ नाही. त्यांतील हमीपत्र आणि सुटे भाग मात्र आधी काढून घ्यावेत. ट्रंकेत आणि दिवाणात ठेवलेल्या पुस्तकांत, पर्सेसमध्ये आणि जुन्या कोटांच्या खिशांत हात घालून पाहिल्याशिवाय काहीही खाली पाठवू नये.

जे ठरत नाही त्यासाठी एकच खोका ‘थांबा’ म्हणून ठेवावा आणि त्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहावी.

## टप्पा ७ : विकणे, देणे, टाकणे

रद्दी आणि भंगार. वर्तमानपत्रे, वह्या-पुस्तके आणि पुठ्ठा यांचे दर वेगवेगळे असतात. एकत्र दिल्यास सर्वांना कमी दर लागतो. धातूंचेही तसेच. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, स्टील आणि लोखंड वेगळे करावे. पितळ म्हणून ठेवलेल्या वस्तूला चुंबक चिकटला तर ती बहुधा मुलामा दिलेले लोखंड असते. निदान दोघांकडून दर विचारावेत. वजनाबाबत शंका असेल तर पाच किलोची न फोडलेली कणकेची पिशवी आधी त्याच्या काट्यावर ठेवावी; एवढे केल्यावर पुढचा व्यवहार बहुधा सरळ होतो.

फर्निचर. पाठीमागची न रंगवलेली कड पाहावी. थर दिसले तर प्लायवूड आहे, आणि जुन्या प्लायवूडच्या भिंतीतील कपाटाला जवळजवळ काहीच किंमत येत नाही. उलट सुताराची मजुरी आणि टेम्पोचे भाडे आपल्यालाच पडते. म्हणून ते चांगल्या स्थितीत असेल तर तोडण्याऐवजी वापरातच ठेवणे स्वस्त पडते. सागवानी वस्तू मात्र भंगाराच्या भावाने देऊ नये. विक्रीची जाहिरात देताना लांबी-रुंदी-उंची लिहावी आणि वस्तू लिफ्टमध्ये मावते का तेही सांगावे. दारात आलेला ग्राहक याच कारणाने परत जातो.

> सावधान : पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा’ असे ग्राहक म्हणाला तर व्यवहार थांबवावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

फोन आणि संगणक. यूपीआय व बँकांची ॲप बंद करून, गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडून, सिम आणि मेमरी कार्ड काढून मगच संपूर्ण माहिती पुसावी. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क स्वतःकडेच ठेवणे अधिक सुरक्षित. ई-कचरा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतील अधिकृत संस्थेकडे द्यावा किंवा नव्या खरेदीच्या वेळी अदलाबदलीत काढावा. अदलाबदलीची सूट पाहताना तीच नवी वस्तू अदलाबदलीविना कितीला मिळते हेही विचारावे. अनेकदा फरक नाममात्र असतो.

देणे. फाटके, डागाळलेले किंवा बंद पडलेले सामान दान म्हणून देऊ नये. पुस्तके ग्रंथालयाला द्यायची असतील तर आधी यादी पाठवावी. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे. अशा जुन्या संस्थेत जागा मोलाची असते, त्यामुळे न विचारता गठ्ठे नेऊन ठेवू नयेत.

घातक कचरा. मुदत संपलेली औषधे, ट्यूबलाइट, सेल, पाऱ्याचा थर्मामीटर, रंगाचे आणि कीटकनाशकाचे डबे ओल्या-सुक्या कचऱ्यात न घालता वेगळ्या, खूण केलेल्या पिशवीत द्यावेत.

## टप्पा ८ : परत भरणे आणि खरेदीला कुंपण

उरलेले सामान लावताना घरातील जुने डबे आणि खोकेच वापरावेत. नवी मांडणी हवीच असे वाटले तर महिनाभर थांबावे. बहुतेक वेळा गरज ओसरते. प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून सामानाची यादी चिकटवावी आणि दुबार खरेदीच्या यादीतील प्रत्येक वस्तूपुढे कमाल संख्या लिहावी : छत्र्या माणशी एक, कात्र्या दोन, चादरींचे जोड दर पलंगाला तीन.

विक्रीतून आणि परत मिळालेल्या अनामतीतून आलेली रक्कम त्याच दिवशी गृहकर्जाच्या खात्यात किंवा आवर्ती ठेवीत वळवावी. हातात राहिली तर तिची नवी मांडणी होते. पुढील तीन महिने किराणा आणि विजेची बिले पहिल्या टप्प्यातील नोंदींशेजारी लिहावीत. वीज मोजताना मार्चची तुलना मेशी न करता मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी.

‘थांबा’ खोक्यावरील तारीख आली, की तो न उघडता आत काय आहे ते आठवून लिहावे. जे आठवले आणि लागते ते काढून घ्यावे. बाकीचे, कागद आणि छायाचित्रे वगळून, त्याच आठवड्यात सातव्या टप्प्याप्रमाणे घराबाहेर काढावे.